दोन बाजू, एक कोन आणि दोन त्रिकोण

मी बीकॉमचा माणूस, सारी हयात बँकेत गेली. त्रिकोणमितीवर मी लिहितोय हे पाहून जुने सहकारी हसतील, हसू देत. पण गेल्या रविवारी मंडळाच्या अभ्यासवर्गात अकरावीतल्या एका मुलीने वही पुढे केली आणि म्हणाली, "काका, उत्तर कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिलंय. तरी सरांनी निम्मेच गुण दिले." वही पाहिली आणि मला माझीच वीसेक वर्षांपूर्वीची चूक आठवली.

तेव्हा मी एका शाखेत कर्ज विभाग सांभाळत होतो. तारणाला आलेला एक प्लॉट तिकोनी होता. नकाशाची झेरॉक्स जुनी, घडीवरची अक्षरे गेलेली. मागच्या कोपऱ्यापासून रस्त्यापर्यंत येणारी दोन कुंपणे, एक १०० फूट आणि दुसरे ६० फूट. १०० फुटांचे कुंपण रस्त्याशी ३० अंशांचा कोन करते, हेही लिहिलेले. रस्त्यालगतच्या बाजूचा आकडा मात्र नेमका घडीत गेला होता. मी मनात म्हटले, तीन गोष्टी माहीत आहेत, चौथी काढता येईल. मुलाचा कॅल्क्युलेटर घरून आणला.

साइनचा नियम सोपा आहे. त्रिकोणाच्या कोणत्याही बाजूला तिच्यासमोरच्या कोनाच्या साइनने भागा, तिन्ही वेळा उत्तर एकच येते. (हा साइन शब्द आपल्याच 'ज्या' किंवा 'जीवा' या शब्दावरून, अरबी आणि लॅटिनमधून फिरून परत आलेला आहे.) इथे ६० फुटांसमोरचा कोन ३० अंशांचा, त्याची साइन ०.५, म्हणून गुणोत्तर १२०. मग १०० फुटांसमोरच्या कोनाची साइन १०० भागिले १२०, म्हणजे ०.८३३३. कॅल्क्युलेटरने कोन सांगितला ५६.४४ अंश. उरलेला तिसरा कोन ९३.५६, त्यावरून रस्त्याकडची बाजू ११९.७७ फूट आणि क्षेत्रफळ सुमारे २,९९४ चौरस फूट. टिपण तयार करून मी खुशीत घरी गेलो.

व्हॅल्युअर टेप घेऊन जागेवर गेला आणि परत येऊन म्हणाला, "साहेब, रस्त्याला साडेत्रेपन्न फूटही भरत नाही." क्षेत्रफळ १,३३६ चौरस फूट, म्हणजे माझ्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. मी गणित तीनदा तपासले, आकडेमोडीत कुठेच चूक नव्हती.

चूक कुठे होती ते दोरीने चटकन कळते. मागच्या कोपऱ्यात खुंटी ठोका. तिथून रस्त्याचे सरळ अंतर १०० गुणिले ०.५, म्हणजे ५० फूट. आता खुंटीला ६० फुटांची दोरी बांधून फिरवा. ती रस्त्याला एकदा नाही, दोनदा लागते, सरळ अंतराच्या अलीकडे एकदा आणि पलीकडे एकदा. कुंपण त्यातल्या कोणत्या जागी आहे, हे कागदावरच्या त्या तीन आकड्यांत कुठेच लिहिलेले नसते.

दोरी ४० फुटांची असती तर रस्त्यापर्यंत पोचलीच नसती, त्रिकोण शून्य. बरोबर ५० फुटांची असती तर एकाच जागी टेकली असती, काटकोन करून. ५० ते १०० च्या मधली कोणतीही दोरी दोन त्रिकोण देते. बरोबर १०० झाली की अलीकडची जागा ३० अंशांच्या कोपऱ्यावरच जाऊन पडते, आणि १०० च्या पुढे गेली की कोपऱ्याच्याही मागे जाते, म्हणून पुन्हा एकच त्रिकोण. कागदावर १० फुटांना १ सेंटिमीटर धरून कंपासने काढून पाहा, पाच मिनिटांचे काम आहे.

कॅल्क्युलेटरचा दोष एवढाच की तो अर्धे सांगतो. ५६.४४ अंशांची साइन आणि १८० मधून ते वजा केल्यावर उरणाऱ्या १२३.५६ अंशांची साइन सारखीच असते, पण यंत्र फक्त लघुकोन दाखवते. म्हणून दुसरा कोन आपण स्वतः काढायचा आणि दिलेल्या कोनात मिळवून पाहायचा. १२३.५६ अधिक ३० म्हणजे १५३.५६, १८० पेक्षा कमी, तेव्हा दुसरा त्रिकोण खरा. १२० फुटांच्या दोरीला हेच केले तर पहिला कोन २४.६२, दुसरा १५५.३८, आणि त्यात ३० मिळवले की १८५.३८. तो बाद. त्या मुलीने नेमकी हीच पायरी गाळली होती.

दिलेला कोन विशाल असेल तर फार विचार नको. समोरची बाजू दुसरीपेक्षा मोठी असेल तर एक त्रिकोण, नाहीतर एकही नाही.

शाळेत आपण बाबाबा, बाकोबा, कोबाको, बाकोको घोकले. 'बाबाको' त्यात का नव्हते, हे मला पन्नाशीच्या आसपास कळले! कर्णभुजा कसोटी म्हणजे खरे तर बाबाकोच, पण तिथे कोन ९० अंशांचा असतो. मग दुसरा कोन विशाल असायला जागाच उरत नाही, म्हणून ती चालते.

मोजणीवाल्यांना हे चांगले ठाऊक असावे. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे साडेसात मैलांची एक रेषा जमिनीवर मोजली, आणि पुढे त्रिकोणामागून त्रिकोण जोडत नेले ते मुख्यतः कोन मोजून. एक बाजू आणि कोन हाती असले की साइनचा नियम बाजू काढायला वापरला जातो आणि उत्तर एकच येते. घोटाळा होतो तो त्याच नियमाने कोन काढायला गेल्यावर. वीस वर्षे हे काम करून लॅम्ब्टन १८२३ मध्ये वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

मुलांसाठी दोन गणिते देतो. एक: कोन ४० अंश, लगतची बाजू ८, समोरची ६. दुसरे: कोन ११०, लगतची ८, समोरची ७. किती त्रिकोण होतात ते रविवारी येऊन सांगा. येताना कंपास आणा, कॅल्क्युलेटर माझ्याकडे आहे.