ओला की सुका?

परवा रविवारी आमच्या घरी एका रिकाम्या खोक्यावरून मोठीच सभा भरली! खोकं कसलं? आंब्याच्या रसाचं. धाकट्या चिरंजीवांनी नळीनं शेवटचा थेंब सुर्रकन ओढून घेतला आणि खोकं नाचवत विचारलं, "आई, हे कुठल्या डब्यात टाकू?"

"सुक्यात! कागदाचंच आहे ते," बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

"अरे, पण आतून ओलं आहे की," आजी म्हणाली. "ओल्यात टाक."

"छे! आत चकचकीत असतं. ते धातूच्या डब्यात जायला हवं," आमच्या आठवीतल्या ताईसाहेब.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. कारण माझ्या ऑफिसात चहाच्या टेबलाशेजारी चांगले तीन रंगांचे तीन डबे आहेत. पण खरं सांगू का, दोस्तांनो? मीही तिथं कप हातात घेऊन क्षणभर घुटमळते, आणि शेवटी जो डबा जवळ असेल त्यात टाकून मोकळी होते!

तेवढ्यात बेल वाजली. कचरा न्यायला मावशी आल्या होत्या. चिरंजीवांनी खोकं थेट त्यांच्यापुढेच धरलं. मावशी हसल्या. "सुक्यात द्या. पन जरा पानी घालून खळबळून, अन् चपटं करून. आन् ताई, ओला म्हंजी भिजलेला न्हाई बरं का! ओला म्हंजी कुजनारा."

झालं! इतके दिवस आम्ही अडत होतो ते या दोन शब्दांपाशीच. शेंगांची टरफलं, देवाची वाळलेली फुलं, कडक झालेला पाव हे सगळं हाताला कोरडं लागतं. पण मातीत घातलं तर कुजून खत होतं. म्हणून तो 'ओला' कचरा. आणि रसाचं खोकं आतून ओलं असलं तरी ते कुजून खत होत नाही. म्हणून ते 'सुक्या'त. म्हणजे डब्यापुढे उभं राहिल्यावर "हे भिजलंय का?" असं विचारायचंच नाही. "हे कुजेल का?" असं विचारायचं.

पण मग खोकं धुवायचं कशाला? कचरा तो कचराच ना? चिरंजीवांनी हेही विचारलं. मावशींनी उत्तराऐवजी आपला अंगठा दाखवला. त्याला चिंधी बांधलेली होती. कुणीतरी भाजीच्या देठांत फुटका ग्लास टाकला होता. आमची पिशवी खाली गेली की संपली, असं आपल्याला वाटतं. पण ती पिशवी पुढं कुणीतरी हातानं उघडतं, हे आपल्या लक्षातच येत नाही.

सुका कचरा निवडून विकायचा, हे कचरावेचकांचं पोटापाण्याचं काम. पुण्यात १९९३ साली त्यांची एक संघटना उभी राहिली. तिचं नाव मोठं मजेदार आहे : 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. बघा, नावातच वर्गवारी! पुढं २००७ साली कचरावेचकांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था स्थापन झाली आणि २००८ मध्ये तिनं पुणे महापालिकेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. कोरडा, स्वच्छ कागद असेल तर त्याला भाव येतो. त्याच कागदावर काल रात्रीची आमटी सांडली, की तो मातीमोल. म्हणजे आपण एक वाटी आमटी चुकीच्या डब्यात ओतली, तर कुणाची तरी सकाळची मेहनत फुकट जाते.

आता त्या खोक्याकडे परत येऊ. बाबा, ताई, दोघंही अर्धेअर्धे बरोबर होते! अशा खोक्यात बराचसा जाड कागद, त्याला चिकटवलेले प्लॅस्टिकचे पातळ थर आणि मध्ये अॅल्युमिनियमचा पापुद्रा असतो. कारखान्यात ते पाण्यात घुसळतात. कागदाचे धागे सुटून वेगळे होतात. उरलेलं प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियम तापवून, दाबून त्याचे पत्रे बनवतात.

माझ्या ऑफिसातला चहाचा 'कागदी' कपही असाच फसवा. चहा झिरपू नये म्हणून त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. त्यामुळे तो रद्दीत चालत नाही. आणि त्यात उरलेला घोटभर चहा? तो डब्यातल्या सगळ्या कोऱ्या कागदांना भिजवतो. तेव्हा आधी चहा ओता, मग कप टाका. त्याहून बरं, घरून आपला कप न्या. मी सोमवारपासून नेते आहे.

बाटलीच्या बुडाशी तीन बाणांचा त्रिकोण पाहिलाय का? बाणांचं हे चिन्ह गॅरी अँडरसन नावाच्या २३ वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्यानं १९७० साली एका स्पर्धेसाठी काढलं होतं. १९८८ पासून प्लॅस्टिकच्या वस्तूंवर त्रिकोणात १ ते ७ आकडे येऊ लागले. पण फसू नका! आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं, ५ म्हणजे डब्यांच्या झाकणांचं वगैरे. त्रिकोण आहे म्हणजे ती वस्तू पुन्हा वापरात येणारच, असं मुळीच नाही.

बरं, आता तुमची परीक्षा! उत्तरं हातानं झाकून ठेवा आणि घरातल्या मोठ्यांनाही विचारा.

१. दुधाची पिशवी? – सुका. पण विसळून, वाळवून. आणि कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. तो चिमुकला तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, थेट गटारात जातो.

२. पिझ्झाचं खोकं? – स्वच्छ झाकण सुक्यात, तेलकट बूड ओल्यात. कागदाचा लगदा पाण्यात करतात, आणि तेल पाण्यात मिसळत नाही.

३. दुकानातलं गुळगुळीत बिल? – रद्दीत नको. त्यावर रसायनाचा थर असतो; छपाई शाईनं नव्हे, उष्णतेनं होते.

४. चिप्सची पिशवी? – सुका. पण तिचे थर सुटे करणं फार कठीण.

५. बाळाचा डायपर? – ओल्यातही नाही, सुक्यातही नाही. कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळा द्या.

६. संपलेले सेल, सीएफएल दिवे? – वेगळ्या खोक्यात साठवा. सीएफएलमध्ये पारा असतो.

७. फुटकी काच? – जाड कागदात गुंडाळा, वर ठळक अक्षरांत 'काच' लिहा आणि हातात द्या.

सहापेक्षा जास्त बरोबर आली तर शाबास! कमी आली तरी हरकत नाही, आमच्या घरी बाबांना तीनच आली.

आणि एखाद्या वस्तूशी अगदीच अडलात, तर सकाळी दारात येणाऱ्या मावशींना किंवा काकांना विचारा. या विषयात त्यांचा हात धरणारं दुसरं कुणी नाही. मंगळवारी आमच्याकडे बरणी फुटली. चिरंजीवांनी पुडकं बांधलं, वर 'काच' लिहिलं आणि खाली आणखी एक ओळ : 'मावशी, अंगठा बरा आहे का?'