गवत कापणारे इंजिन विमान कसे उडवते?

अमेरिकेत मोठी मॉडेल विमाने बनवणाऱ्या हौशी मंडळींपैकी काही जण नवे इंजिन विकत घेतच नाहीत. गवत कापायच्या यंत्राचे किंवा झाडे तोडायच्या यांत्रिक करवतीचे २५ ते ४० घन सेंमीचे टू-स्ट्रोक इंजिन काढून ते त्याला प्रोपेलर बसवतात. इंजिन स्वस्त पडते हे खरे. पण स्वस्तात तर जुन्या मोपेडचेही मिळेल; मग ते का नाही?

वजन हे एक कारण. दुसरे जास्त गमतीचे आहे. सुरू न होणारी स्कूटर तिरकी करून पुन्हा किक मारताना आपण सर्वांनी पाहिले आहे. तिच्या कार्ब्युरेटरमधल्या कुपीत एक फ्लोट असतो. पेट्रोल चढले की तो वर येतो आणि सुईसारखी झडप बंद करतो. घरच्या पाण्याच्या टाकीतल्या चेंडूसारखाच. ‘वर’ आणि ‘खाली’ ठरलेले असेल तोवरच हे जमते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानांना हाच त्रास होता. नाक झटकन खाली केले की इंजिन अडखळे. १९४१ मध्ये अभियंता बिअॅट्रिस शिलिंग यांनी इंधनाच्या वाटेत छिद्राची एक साधी चकती बसवून तो बराच कमी केला.

झाड तोडणारा माणूस मात्र करवत आडवी धरतो, उभी धरतो, वेळप्रसंगी उलटीही. म्हणून तिच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट नसतोच. दोन लवचीक पडदे असतात. दट्ट्या वर-खाली होताना क्रँककेसमधील दाब सारखा कमी-जास्त होतो. तो बारीक वाटेने पहिल्या पडद्याला हलवतो आणि पडदा पंपासारखे पेट्रोल ओढतो. दुसऱ्या पडद्याच्या एका बाजूस पेट्रोल, दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा. इंजिनाने पेट्रोल शोषले की त्या बाजूचा दाब उतरतो, हवा पडद्याला आत ढकलते आणि पडदा तरफेने झडप उघडतो. गुरुत्वाकर्षणावर इथे काहीच सोपवलेले नाही. कोलांट्या घेणाऱ्या विमानाला आणखी काय हवे?

बाकीचे काम बहुतेक काढून टाकण्याचे. क्लच, सुरू करायची दोरी, प्लास्टिकची आवरणे निघतात. फ्लायव्हीलवरची थंडाव्याची पातीही नकोत, कारण वारा प्रोपेलरच घालतो. पण ठिणगीसाठी लागणारा चुंबक त्याच फ्लायव्हीलमध्ये असतो. (बॅटरीवर चालणारी ठिणगी-यंत्रणा लावली, तर अख्खे फ्लायव्हीलच काढता येते.)

वजन घटवण्यासाठी फ्लायव्हील लेथवर मनाला येईल तसे कातणे मला पटत नाही. वर्गात हे गणित घालून पाहा: व्यास १० सेंमी, मिनिटाला ७००० फेरे. कडेवरील त्वरण गुरुत्व त्वरणाच्या सुमारे २७०० पट येते. म्हणजे कडेचा १० ग्रॅमचा तुकडा धरून ठेवायला २७ किलो वजनाइतके बल लागते. त्याच वेगाने फिरणाऱ्या ४५ सेंमी प्रोपेलरचे टोक ताशी सुमारे ६०० किमी वेगाने जात असते. इंजिन चालू असताना प्रोपेलरच्या समोर किंवा बाजूला कोणीच उभे राहायचे नसते. कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळायचा तोही मागून.