पाडव्याची पाणपोई पाखरांसाठी

चैत्र शुद्ध प्रतिपदा उजाडली की दारोदारी गुढी उभी राहते, कडुनिंबाचा कोवळा पाला प्रसाद म्हणून मुखी पडतो आणि नव्या पंचांगातील वर्षफलाचे श्रवण होते. या मंगल दिनाचे आणखी एक कृत्य मात्र बहुतेक घरांतून विस्मृतीत गेले आहे. ते म्हणजे प्रपादान. प्रपा म्हणजे पाणपोई. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्याय यांनी १७९० साली सिद्ध केलेल्या ‘धर्मसिंधु’ ग्रंथात या दिवसापासून पाणपोई घालण्याचे विधान आहे. ज्याला तेवढी ऐपत नाही त्याने रोज पाण्याने भरलेला घडा द्यावा, अशी सोयही शास्त्रकारांनी ठेवली आहे.

तहान केवळ मनुष्यालाच लागते असे नाही. गृहस्थाच्या नित्याच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञाला स्थान आहे ते याचसाठी. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्वान, कावळे, कृमी यांच्यासाठी भूमीवर अन्न हळूच ठेवावे असे सांगितले आहे. ‘हळूच’ या शब्दात सारे मर्म आहे. ते भिरकावायचे नाही. कारण ती भीक नव्हे, घरच्या अन्नातील त्यांचा वाटा आहे.

पूर्वी हा वाटा न मागता पोहोचत असे. पनवेल तालुक्यातील कामोठ्याचेच पाहा. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, तिने नवी मुंबई वसवली, आणि भातशेतीच्या या गावाभोवती सेक्टर आणि इमारती उभ्या राहिल्या. खळ्यावर भात झोडपला जाई तेव्हा चिमण्यांचे थवे उतरत. अंगणात सूप हलले की कणी-कोंडा त्यांचाच असे. कौलारू घराचे वळचण हे त्यांचे माहेर. आज तांदूळ निवडलेला, पिशवीबंद येतो आणि गुळगुळीत भिंतींत काडी खोवायला फट उरलेली नाही. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो. पाडवाही त्याच सुमारास येतो. तेव्हा यंदा गुढी उभारल्यावर घरातील बालगोपाळांना घेऊन बसावे आणि खिडकीत पाखरांची पाणपोई व अन्नछत्र घालावे.

साहित्य घरचेच. नारळाची अर्धी करवंटी घ्यावी. तिच्या कडेला समान अंतरावर तीन भोके वडीलधाऱ्यांनी गिरमिटाने पाडून द्यावीत. शेंड्या काढणे, काचकागदाने घासणे, सुतळी ओवणे हे काम मुलांचे. गाठ वाकडी पडली तरी ती त्यांचीच राहू द्यावी. करवंटीत बाजरी, राळे किंवा तांदळाची कणी मूठभरच घालावी, म्हणजे सायंकाळपर्यंत संपते. फरसाण, तळलेले, खारट वा शिळे काही घालू नये. पाण्यासाठी मातीची पसरट परळ सावलीत ठेवावी. पाणी दोन बोटेच असावे आणि मधोमध एक खडा ठेवावा, म्हणजे लहान पाखराला पाय टेकता येतो. परळ रोज घासून पाणी बदलावे. साचलेल्या पाण्यात डास होतात आणि घाणेरड्या भांड्यातून पाखरांत रोग पसरतो. चिमणीची पिल्ले मुख्यतः किड्या-अळ्यांवर वाढतात, म्हणून शेजारी तुळस किंवा एखादी वेल लावून तिच्यावर औषध फवारू नये. हेही अन्नदानच आहे.

येथे एक विवेक सांगणे अगत्याचे आहे. २०२५ साली मुंबई महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकून बंद केला. वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. अनेक श्रद्धाळू मने दुखावली. परंतु कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेल्याने काहींच्या फुप्फुसांना गंभीर विकार जडतो, हे वैद्यकाने दाखविले आहे. अशा वेळी महाभारताच्या वनपर्वातील शिबिराजाचे आख्यान नीट आठवावे. शरण आलेल्या कपोतासाठी त्या राजाने तराजूत मांस घातले, ते स्वतःच्या मांडीचे; शेजाऱ्याच्या नव्हे! आपण पुण्य जोडावे आणि त्याचे मोल खालच्या मजल्यावरील दमेकरी आजोबांनी भरावे, ही भूतदया नव्हे. म्हणून करवंटी लहान आणि अधांतरी झुलणारी असावी. तिच्यावर जड कबुतराला ठाण मांडणे अवघड जाते, चिमणी मात्र सहज बसते. ती आपल्याच गजांच्या आत टांगावी, खालची जागा रोज ओल्या फडक्याने पुसावी. कबुतरे जमू लागलीच, तर काही दिवस दाणे आवरून केवळ पाणी ठेवावे.

प्रारंभी आठ-पंधरा दिवस पाखरू फिरकणारही नाही. मुले विचारतील, ‘चिमणी का येत नाही?’ त्यांना सांगावे की, पान वाढून अतिथीची वाट पाहणे हाही धर्मच आहे. रोज सकाळी दात घासल्यावर परळ घासायची, एवढा एकच नेम लहानग्याच्या हाती द्यावा आणि तो मृग बरसेपर्यंत पाळवून घ्यावा. भूतयज्ञाचे विधान त्याला पाठ नसेल. परंतु स्वतःच्या घासाआधी दुसऱ्याची तहान आठवण्याची सवय त्याच्या हाताला लागेल. त्या हाताचे कल्याण असो, आणि हे नूतन संवत्सर सर्व भूतमात्रांस सुखाचे जावो.