साखळी करवतीचा जाम झालेला पिस्टन

कोकणातील जुन्या आंबा बागांच्या पुनरुज्जीवनासाठी साखळी करवत, म्हणजेच चेनसॉ, आता अनेक बागायतदारांच्या घरी आली आहे. पावसाळ्यात पडवीत पडून राहिलेले हे यंत्र छाटणीच्या ऐन वेळी बाहेर काढावे, तो दोरी जागची हालत नाही. अशाच एका बागायतदाराने प्लगच्या छिद्रातून लोखंडी पहार घालून पिस्टनवर घाव घातले. पिस्टन फुटला, सिलेंडरही निकामी झाला व छाटणी लांबणीवर पडली. हे नुकसान टाळता येण्याजोगे होते.

प्रथम दोष निश्चित करावा. टाकीतील पेट्रोल काढून घ्यावे व जवळपास विडी अथवा दिवा असू नये. पाती व साखळी उतरवावी. स्टार्टरचे झाकण काढून दोरी ओढून पाहावी. दोरी अडकत असेल, तर दोष स्टार्टरमध्येच होय. ती मोकळी असल्यास स्पार्क प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवावे. फिरल्यास आत केवळ पेट्रोल साचले होते असे समजावे. तरीही न फिरल्यास पिस्टन जाम झाला आहे.

आता सायलेन्सर काढून धूर बाहेर पडण्याच्या छिद्रातून विजेरीने पिस्टन पाहावा. तांबूस गंज दिसल्यास दमटपणा हे कारण होय. पिस्टनवर उभे ओरखडे दिसल्यास ऑइल कमी पडल्याने किंवा इंजिन अति तापल्याने तो धरला आहे.

गंजलेला पिस्टन सोडविण्यास घाई उपयोगी नाही. डिझेल व इंजिन ऑइल समभाग मिसळून दोन्ही छिद्रांतून थोडे थोडे ओतावे व यंत्र एक दिवस तसेच ठेवावे. नंतर फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून हलकेच पुढेमागे हलवावे. केसभर जरी हालले, तरी पुन्हा तेल घालून थांबावे. दोन-तीन दिवस लागले तरी चालतील. नटावर पाना लावून जोर करू नये. बहुतेक यंत्रांत उलट फिरविल्यास नटच सुटतो, आणि सुलट दिशेने अति जोर केल्यास फ्लायव्हीलची चावी तुटू शकते. एवढ्यानेही न सुटल्यास यंत्र कारागिराकडे न्यावे.

पिस्टन सुटला म्हणजे काम संपले असे नव्हे. प्लग काढलेलाच ठेवून यंत्र उलटे करावे व दोरी ओढून तेल बाहेर काढावे. ओरखडे असल्यास पिस्टन व रिंग बदलल्याखेरीज, तसेच सिलेंडर तपासून घेतल्याखेरीज यंत्र चालू करू नये. कारण कायम ठेवून चालविलेले इंजिन पुन्हा धरतेच.

यापुढील काळजी सोपी आहे. टू-स्ट्रोक ऑइलचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. 50:1 प्रमाण सांगितले असल्यास 1 लिटर पेट्रोलात 20 मिलिलिटर ऑइल मिसळावे. मिश्रण गरजेपुरतेच करावे. हल्लीच्या पेट्रोलातील इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून महिन्यापेक्षा जुने मिश्रण वापरू नये. पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. ते निवाल्यावर प्लगच्या छिद्रातून चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोडावे, दोरी दोन-तीन वेळा सावकाश ओढावी व प्लग बसवून यंत्र कोरड्या जागी ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वीच्या आपल्या बैठकीत हे प्रात्यक्षिक अवश्य करून दाखवावे. चमचाभर तेलाने शेतकऱ्याचा एक हंगाम वाचतो.