कोल्ड एअर इनटेक घेताय? आधी फिल्टर कुठे बसतो ते बघा

मस्टँग जीटीच्या ५ लिटर व्ही-८ साठी इनटेक शोधताय? नुसत्या आवाजावर भाळू नका! बॉनेटखाली उघडा फिल्टर लावला तर तो इंजिनचीच गरम हवा ओढतो. ३० अंशांची हवा ६० वर गेली की घनता जवळपास ९ टक्के घटते, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच कमी. म्हणून बंद बॉक्स आणि बॉनेटला घट्ट टेकणारं रबरी सील असलेलंच किट घ्या.

एअरफ्लो सेन्सरच्या नळीचा व्यास मूळ नळीपेक्षा वेगळा असेल तर ट्यूनिंग हवंच. कॉटन फिल्टर धुतल्यावर तेल हलक्या हाताने लावा. जास्तीचं तेल सेन्सरच्या नाजूक तारेवर जाऊन बसतं.

आणि बंपरमध्ये खाली उतरणारा फिल्टर मुंबईच्या पावसाळ्यात नकोच! सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतात.