पकड जोडीचीच असते

घोटा धरायचा तो चढाईपटूचा पाय जमिनीला टेकल्यावर आणि अंगाचा भार त्या पायावर आल्यावर. त्याआधी हात घातला तर पाय निसटतो. जरा उशीर झाला तर गडी मध्यरेषेकडे वळलेला असतो. या दोन्हींच्या मधला वेळ पापणी लवण्याइतका. तेवढ्यात कोपऱ्यातल्या मुलानं निर्णय घ्यायचा, खाली बसायचं आणि दोन्ही हात टाचेमागे न्यायचे. कबड्डीतली ही घोटापकड. बघणाऱ्याला ती एका मुलाची करामत वाटते. मैदानाच्या कडेला बसून तीच पकड पुन:पुन्हा बारकाईनं पाहिली, की ती किती जणांची आहे हे कळायला लागतं.

बालाघाटाच्या माथ्यावर, बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयाचं मैदान आहे. पावसाळ्यात माती बसलेली असते, तेव्हा इथे संध्याकाळी कबड्डीचा सराव रंगतो. चुन्यानं रेषा आखतात. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेसहा मीटरचं अंगण. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. बोनस रेषेच्या मागे अंतिम रेषेपर्यंत उरते ती पावणेदोन मीटरची पट्टी. कोपरारक्षकाचं सगळं राज्य या पट्टीत. मागे पाय गेला तर बाद, पुढे घाई केली तर बाद.

सात जण उभे राहतात ते दोन-तीन-दोन अशा साखळीत. दोन्ही टोकांना कोपरारक्षक, त्यांचा हात धरून शेजारचा गडी, आणि मधे दोन मध्यरक्षकांसह तिघांची साखळी. सराव घेणारे सर स्वत: चढाई करतात. वय झालं असलं तरी पाय अजून हलका आहे. ते डाव्या कोपऱ्याकडे जातात, बोनस रेषेवर पाय टाकल्यासारखं करतात आणि काढून घेतात. कोपऱ्यातला मुलगा झेपावतो, मातीत पडतो, हातात काहीच येत नाही.

"कामून धरायलास? येऊ दे की त्याला आत!"

मुलगा उठून हात झाडतो आणि पुन्हा जागेवर उभा राहतो.

"बघायलास कुठं?"

"पायाकडं, सर."

"पाय फसवतो. कमरंकडं बघ. कंबर खोटं बोलत नाही."

पुढच्या वेळी मुलगा अर्धं पाऊल मागे उभा राहतो. बोनस मोकळा दिसतो, म्हणजे मुद्दाम दाखवलेला असतो. समोर सहा किंवा जास्त रक्षक असले की चढाईपटूला बोनसचा गुण मिळू शकतो, म्हणून त्याला पाय लांबवण्याचा मोह होतो. सरांचा पाय रेषेपलीकडे जातो, कंबर त्या बाजूला झुकते, टाच टेकते. मुलाचे दोन्ही तळवे टाचेमागे एकावर एक बसतात. अंगठे एकमेकांत अडकवायचे नाहीत, झटक्यात मोडतात, हे आधीच बजावलेलं असतं. खांदा नडगीला भिडतो, डोकं गुडघ्याच्या वाटेतून बाहेर, आणि पाय उचलून मागे, अंतिम रेषेकडे ओढायचा.

घोटा हातात आला म्हणजे पकड झाली असं नाही. एका पायावरचा चढाईपटू फार ताकदवान असतो. तो मध्यरेषेकडे सूर मारतो आणि हात लांबवतो. उंच गडी आडवा पडला की सहज दोन मीटरच्या पुढे पोचतो. बोट रेषेला लागलं, तर त्याच्या अंगाला लागलेले सगळे बाद. म्हणून कोणीतरी त्याच्या आणि रेषेच्या मधे उभं राहावंच लागतं. ते काम मध्यरक्षकाचं. छातीनं वाट अडवायची, कमरेला मिठी मारायची, नाहीतर धडक देऊन बाजूच्या रेषेबाहेर काढायचं.

या विद्येतली सगळ्यात अवघड गोष्ट इथेच आहे. कोपऱ्यातल्या मुलाचे हात घोट्यावर नीट बसले की नाही, हे पाहून मध्यरक्षक निघाला तर तो उशिरा पोचतो. त्याला आधी निघावं लागतं. आणि तो निघाला पण कोपऱ्यानं पाय सोडला, तर चढाईपटू त्याला शिवून परत जातो. एका गुणासाठी दोन-तीन गडी पणाला लावायचे आणि तेही जोडीदार काय करणार या अंदाजावर! मैदानात तीन किंवा कमी रक्षक उरले असताना केलेल्या पकडीला दोन गुण देतात, त्या अव्वल पकडीत तर चुकीला जागाच नसते. असा अंदाज एका दिवसात बांधता येत नाही. हा मुलगा कधी धरेल आणि कधी सोडून देईल, हे दुसऱ्याला बघण्याआधीच कळायला हवं.

कसं कळतं, हे हातांकडे पाहिल्यावर दिसतं. कोपऱ्यातला मुलगा उंच, काटक. त्याच्या शेजारचा बुटका, मनगटं जाड. दोघांनी एकमेकांचे तळवे धरलेले. चढाईपटू दूर असताना पकड सैल असते. तो जवळ आला की बुटका तळवा किंचित दाबतो. उंच मुलगा उत्तर देत नाही, म्हणजे 'अजून नाही'. पुन्हा दाब, आणि या वेळी उंच मुलगा आपली बोटं स्वत: सोडवून घेतो. त्याच क्षणी बुटका मधे घुसलेला असतो. तोंडातून शब्द नाही, नजरेला नजर नाही. हे मी विचारलं तेव्हा दोघंही बुचकळ्यात पडले. आपण असं काही करतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मोठमोठ्या संघांकडे पाहिलं तरी हेच दिसतं. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली. २०१५ च्या दुसऱ्या हंगामात यू मुंबा विजेता ठरला. त्या संघाचा बचाव आठवा: डाव्या कोपऱ्यात सुरेंदर नाडा, उजव्या कोपऱ्यात मोहित छिल्लर, मधे जीवा कुमार आणि आपला विशाल माने. नाडा आणि छिल्लर ही जोडी पुढे बेंगळुरू बुल्समध्ये गेली आणि तिथून हरियाणा स्टीलर्समध्येही सोबतच. संघमालकांनाही उमगलं होतं की यातला एकच घेतला तर अर्धंच हाती येईल. महाराष्ट्राचा पुरुष संघ हैदराबादला जानेवारी २०१८ मध्ये रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय विजेता झाला, तेव्हा गिरीश इरनाकचा डावा कोपरा आणि विशाल मानेचं मध्यरक्षण एकमेकांना धरून होतं. लीगमध्ये पकडीचे ५०० गुण सगळ्यात आधी पूर्ण करणारा इराणचा फझल अत्राचली हाही डावा कोपरारक्षकच. त्याचं नाव घेताना मला त्याच्या शेजारी उभे राहिलेले मध्यरक्षकही आठवतात. गुणतक्त्यात पकडीचा गुण एकाच नावापुढे पडतो. वाट अडवणाऱ्याची नोंद तिथे सापडत नाही.

आता बीडकडे येऊ. या जिल्ह्यानं देशाला मोठे खेळाडू दिले. पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य मिळवलं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुलमध्ये रौप्य जिंकलं, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं आणि पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. दोघांचंही कर्तृत्व अफाट आहे. आणि दोघांचेही खेळ एकट्यानं लढायचे आहेत. या योगायोगामागे मला या मातीतलं एक कारण दिसतं.

दसरा-दिवाळी झाली की इथली गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे कोयते जमवून टोळी होते आणि ती पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांकडे जाते. परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. घरातली मोठी पोरंही जातात, कुणी तोडीला, कुणी गाडी भरायला. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मैदानावर जी साखळी जुळलेली असते, ती नेमकी स्पर्धांच्या दिवसांत तुटते.

चढाईपटूचं यात कमी नुकसान होतं. तो फडाच्या कडेला एकटा पाऊल टाकण्याचा, वळण्याचा, दम धरण्याचा सराव करू शकतो. पकड एकट्याला घोटता येत नाही. ज्याच्या तळव्याचा दाब ओळखायचा, तो दोनशे किलोमीटरवर उसाच्या फडात असेल तर कोपऱ्यात उभ्या मुलाला धरायचं कधी हे कोण सांगणार? या भागातल्या संघांत चढाईपटू चांगले आणि बचाव कच्चा, असं स्पर्धांमध्ये ऐकू येतं. दोष पोरांच्या मनगटात नाही. कोयता चालवणारी मनगटं आहेत ती.

म्हणूनच सर सराव सुरू करताना पोरांना रांगेत उभं करून आधी एक प्रश्न विचारतात: दिवाळीनंतर गावात कोण राहणार? जे राहणार, त्यांच्या जोड्या एकमेकांशी. ज्यांचं नक्की नाही, त्यांना मधल्या साखळीत जागा, म्हणजे एक गेला तरी दुसऱ्याला घेता येतो. वजन, उंची, वेग हे सगळं त्यानंतर. बाहेरच्या प्रशिक्षकाला ही निवड विचित्र वाटेल. मला ती या जिल्ह्यातल्या जगण्याचं अचूक ज्ञान असलेल्या माणसाची निवड वाटते.

तुमच्या संघातला आजवरचा सगळ्यात भारी रक्षक कोण, असं मी सरांना विचारलं. त्यांनी एकाचं नाव घेतलंच नाही. "गेवराईचं अन् धारूरचं" म्हणाले. एक कोपरा, एक मध्यरक्षक. दोघं तिन्ही वर्षं गावातच राहिली. एकाची आजी घरी होती, तिच्याकडे दुसऱ्याच्या जेवणाचीही सोय झाली. त्या तीन वर्षांत संघ विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत टिकून खेळला. पुढे एक पोलिसात लागला. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि इथल्या बहुतेक पोरांची मैदानावरची धडपड त्या वाटेवर डोळे ठेवूनच चालते. त्या दोघांनंतर? "मग एक जोडी होती, पण ती दुसऱ्या वर्षी फुटली. मोठा कारखान्याला गेला." पुढच्या प्रत्येक जोडीची हकिगत सर अशीच सांगत गेले: कोण किती दिवस टिकलं, कोण का गेलं. पकडी किती केल्या, हे त्यांनी कुणाबद्दलच सांगितलं नाही.

मॅट आता बऱ्याच तालुक्यांत पोचली आहे. ती हवीच, कारण मोठ्या स्पर्धा मॅटवर बूट घालून होतात आणि मातीवर अनवाणी शिकलेल्या पायाला तिथे वळायला वेळ लागतो. पण मॅट आणून बचाव उभा राहणार नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे. तिच्यात महाविद्यालयात शिकणाऱ्या आणि खेळणाऱ्या मुलांची हंगामभराची राहण्या-जेवणाची सोय व्हावी. सात जणांना नोव्हेंबर ते एप्रिल एका छपराखाली दोन वेळचं पोटभर जेवण मिळालं, तर या जिल्ह्याचा बचाव कुठल्याही संघापुढे उभा राहील, असं मी या पोरांचा सराव पाहून खात्रीनं म्हणतो. हा खर्च फार मोठा नाही. कबड्डी संघटनेनं, महाविद्यालयांनी आणि साखर कारखान्यांनीही तो वाटून घ्यावा. ज्या घामावर गाळप चालतं, त्या घामाचं एवढं देणं लागतंच.

आणि महाविद्यालयांच्या जिमखान्यांत कलर होल्डर खेळाडूंचे जे फलक रंगवतात, त्यांवर रक्षकांची नावं जोडीनं लिहावीत. घोटा धरणारा आणि वाट अडवणारा, दोघं एका ओळीत.