पोलीस दप्तर आणि लोकविश्वास : तंजावरच्या निमित्ताने

तंजावरच्या इतिहासात १८५५ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. ऑक्टोबरमध्ये दुसरे शिवाजीराजे वारले आणि तेथील भोसल्यांचे राज्य लयास गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मद्रास इलाख्यातील छळाच्या प्रकारांची चौकशी करणाऱ्या आयोगाने आपला अहवाल सादर केला. १७९९ च्या तहाने किल्ला व त्याचा परिसर वगळता तंजावरचा मुलूख कंपनीकडे गेला होता. त्यामुळे तेथील रयतेची स्थितीही या इलाख्याहून निराळी नव्हती. १८१६ च्या कायद्याने तहसीलदाराकडे महसूल आणि पोलीस हे दोन्ही अधिकार एकवटले होते. साहजिकच ज्याच्या माणसांनी सारावसुलीसाठी छळ करावा, त्याच्याच कचेरीत फिर्याद न्यावी लागे. आयोगाने जाहीर आवाहन करून तक्रारी मागविल्या, तेव्हा कचेरीच्या दप्तरात न उमटलेले दुःख प्रथमच उजेडात आले. पुढे १८५९ च्या कायद्याने पोलीस खाते महसुलापासून वेगळे करण्यात आले.

दप्तर उघडे करण्याच्या या प्रश्नाला आता निराळे रूप आले आहे. प्रथम खबरी अहवाल सामान्यतः चोवीस तासांत संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. लैंगिक अत्याचार, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली. हा अपवाद योग्यच होय. पारदर्शकतेपायी पीडित व्यक्तीची ओळख उघड होता कामा नये. शिवाय असा अहवाल म्हणजे आरोपाची नोंद असते, अपराधाचा निर्णय नव्हे, याचेही भान वाचकाने ठेवले पाहिजे.

परंतु जी फिर्याद गुन्हा म्हणून नोंदलीच गेली नाही, ती या अहवालांत कशी दिसणार? तमिळनाडूत अशा अर्जाची 'कम्युनिटी सर्व्हिस रजिस्टर' या वहीत नोंद होऊन अर्जदारास पावती मिळते. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच तो नोंदविणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून तंजावर जिल्ह्यातील प्रत्येक ठाण्यात या वहीत किती अर्ज आले, त्यांतील कितींचे गुन्ह्यांत रूपांतर झाले आणि उरलेले कोणत्या कारणाने निकाली निघाले, याचे आकडे नावे गाळून तमिळमधून प्रसिद्ध होणे अगत्याचे ठरते. अशा प्रसिद्धीनंतर एखाद्या ठाण्यातील गुन्ह्यांचा आकडा वाढलेला दिसला, तरी तेवढ्यावरून अपराध बळावले असे अनुमान काढणे घाईचे होईल. पूर्वी माघारी धाडलेली माणसे आता दप्तरात दिसू लागली, असाही त्याचा अर्थ असू शकतो.